अभ्र्यातून गाळलेलं

आमच्या इस्त्रीच्या खोलीत उन्हाळ्यात इतकं उकडायचं, की खिडकीत अंडी ठेवली तर दुपारपर्यंत आपणहून उकडून तयार व्हायची, आम्ही फक्त मीठ लावायचो. एवढ्यावरच भुवया उंचावणार असाल तर पुढे तुमचं कठीण आहे, कारण पुढचा मजकूर याहून अवघड आहे.

लॉन्ड्री दोघी बहिणींची. थोरली म्हणजे माझी मेहुणी, तिला सगळी गल्ली ताई म्हणायची. धुणं आणि खळ तिच्याकडे. धाकटी म्हणजे माझी बायको, तिच्याकडे इस्त्री. आम्ही दोघे नवरे त्या घरात गड्याच्या जातीचे: मी तीनचाकी सायकलवरून गाठोडी घरोघर पोचवायचो, आणि ताईचे यजमान, माझे साडूभाऊ, पाणी तापवायचे, दोऱ्या बांधायचे आणि चिमटे हरवायचे. पण उन्हाळा लागला की त्यांच्याकडे आणखी एक काम असे. ते त्यांना कुणी दिलेलं नव्हतं आणि त्यांच्याकडून काढून घेण्याची कुणाची छाती नव्हती. ते सरबत करायचे.

सरबत म्हणजे नुसतं लिंबू पिळलं आणि झालं, असं नाही. सकाळी ते खरबूज कानाशी धरायचे, जणू त्याची काही तक्रार आहे आणि ती फक्त त्यांनाच ऐकू येते. पसंत पडलं की कापून, गर हातानेच कुस्करून मातीच्या माठात टाकायचे. त्यात मूठभर हिरवी द्राक्षं, अंगठ्याने फोडलेली. लिंबाची साल, पण वरची पिवळीच. खालचा पांढरा भाग कडवट, तो सुरीने असा वगळायचे की साल उजेडात धरली तर पलीकडचं दिसावं. गवती चहाच्या पातींची गाठ मारून ती आत सोडायची. आणि शेवटी पुदिना. पुदिना ते कधी ठेचत नसत. तळहातावर ठेवून एक टाळी वाजवायची, बस. म्हणायचे, ठेचला की तो चिडतो, टाळी दिली की स्वतःहून बोलायला लागतो. वरून गार पाणी, झाकण, आणि माठ अंगणात वाळत घातलेल्या चादरींखाली. सावली सरकेल तसा माठही सरकत जायचा. तो ते सरकवत होते की तोच सरकत होता, हे मी कधी नीट पाहिलं नाही.

खरी गंमत गाळण्यात होती. साडूभाऊ सरबत गाळायचे ते स्वतःच्या उशीच्या अभ्र्यातून. जुना पांढरा अभ्रा, धुऊन धुऊन इतका विरलेला की फुंकर मारली तर वाऱ्यावर जावा. तो दोरीच्या आकड्याला टांगायचा, आत माठातलं सगळं ओतायचं आणि थेंब थेंब पडू द्यायचं. पिळायचं नाही. ज्या घरात दिवसभर दिसेल ते पिळलं जायचं, त्या घरात न पिळला जाणारा हा एकच कपडा. खाली बरणीत उतरायचं ते इतकं नितळ, की बरणी भरलीय की रिकामी, हे हलवल्याशिवाय कळू नये. साखरेचा कण नाही. आणि दारूचा तर थेंबही नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण समोरच्या बेकरीवाल्याला आयुष्यभर तोच संशय होता. तो पेला नाकाशी धरून हुंगायचा, एका दमात प्यायचा, आणि बाकावर बसल्या बसल्या असा शांत व्हायचा की त्याच्या बायकोने दोनदा डॉक्टर बोलावला होता.

संध्याकाळी तोच अभ्रा पाण्यातून काढून साडूभाऊ ओलाच उशीवर चढवायचे. दिवसा गाळणं, रात्री उशी. ताई ओरडायची, माणसं हसायची, आणि ते त्या गारव्यात गाल ठेवून झोपायचे. झोपेत त्यांचा चेहरा एखाद्या लांबच्या नातेवाइकाकडे जेवायला बसल्यासारखा दिसायचा: तृप्त, जरा संकोचलेला.

हे साडूभाऊ गेल्या थंडीत गेले. फार गाजावाजा न करता गेले. चिमटे जसे हरवायचे तसे.

पुढचा उन्हाळा आला तेव्हा माठ पालथा पडून होता. अभ्रा घडी करून फळीवर ठेवलेला. इस्त्रीच्या खोलीत आम्ही नळाचं कोमट पाणी पीत होतो. ताई दिवसभर धुवायची, संध्याकाळी आडवी व्हायची आणि सकाळी उठायची, पण त्या दोन्हींच्या मधे तिला काही नसायचं. झोप लागते, म्हणाली, पण भिंतीसारखी. कोरी. एके दिवशी तिने पेटी काढली, धुऊन पुसून उन्हात ठेवली आणि सांगून टाकलं की ती मुलाकडे राहायला चालली आहे. मुलगा लांबच्या शहरात होता, बरा होता, बोलावत होता. शनिवारची बस.

माझी बायको तेव्हा शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती.  कॉलर त्या दिवशी अशी कडक झाली की त्या गिऱ्हाइकाला आठवडाभर मान वळवता आली नाही.

आता, मोठी चादर एकट्याने घडी करता येत नाही, हे तुम्ही केलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. दोन टोकं एकीने धरायची, दोन दुसरीने. झटकायची, ताणायची, मग दोघींनी एकमेकींकडे चालत यायचं, कोपरे हातात द्यायचे, खालची दुमड उचलायची, पुन्हा मागे जायचं. त्या दोघी लहानपणापासून हे करत आलेल्या. भांडण चालू असतानासुद्धा घडी थांबायची नाही. दातओठ खात जवळ यायच्या, कोपरे द्यायच्या आणि मागे जाऊन पुन्हा भांडायच्या. ताई गेली असती तर लॉन्ड्री कदाचित चाललीही असती. पण बायको चादरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात देणार होती? मी एकदा धरून पाहिलं, तर म्हणाली, “तुम्ही सायकल चालवा.”

थांब, असं ती ताईला म्हणेल का? छे. त्या दोघींच्या घराण्यात विनंती करणं म्हणजे उष्टं खाण्यासारखं होतं. आणि ताईचंही बरोबरच होतं. अंगणात एकदा चिमटे गोळा करता करता ती मला म्हणाली होती, “मेहुणे, इथे राहून काय करू? या घरात हे माझ्या स्वप्नातसुद्धा येत नाहीत.”

ते ऐकल्यावर मी सरबताच्या मागे लागलो. दुसरं मला सुचलंच नाही. वाटलं, ती चव एकदा जिभेवर आली तर तिचा हात निदान त्या पेटीवरून तरी उठेल.

पहिल्या दिवशी मी पुदिना ठेचला. बायकोने एक घोट घेतला आणि विचारलं की हे मोरीतून काढलं की मोरीत ओतायचं आहे. दुसऱ्या दिवशी टाळी वाजवली, सगळं मनासारखं केलं, पण चहाच्या गाळणीने गाळलं. वर सालीचे तुकडे पोहत राहिले आणि चव अशी, जणू कुणी लांबून खरबुजाची नुसती आठवण काढतोय. मग गुरुवारी फळीवरचा अभ्रा काढला. आकड्याला टांगला, माठ त्यात रिकामा केला आणि हात मागे बांधून उभा राहिलो, कारण हातांना पिळायची फार खाज सुटली होती.

दुपारपर्यंत बरणी भरली. नितळ. एक थेंब बोटावर घेऊन पाहिला, तर मला अंगणातलं ऊन दोन पावलं मागे सरकल्यासारखं वाटलं. बरणी इस्त्रीच्या टेबलाच्या टोकाला ठेवली आणि मी बर्फ आणायला गेलो. ताईला द्यायचं तर बर्फ घालून, साडूभाऊ तिच्या पेल्यात घालायचे तसं.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. इस्त्री करण्याआधी कपड्यावर पाणी शिंपडतात. त्यासाठी झाकणाला भोकं पाडलेली बाटली असते. आमच्या लॉन्ड्रीत त्या पाण्यात पुदिन्याचे देठ घालून ठेवायची पद्धत होती, म्हणजे कपडे वासाला बरे लागतात. तेव्हा टेबलावर बरणी, बरणीत नितळ पाणी, पाण्याला पुदिन्याचा वास, आणि बायकोचा चष्मा वाफेने पांढरा झालेला. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बाईने ते प्यायलं असतं. माझ्या बायकोने ते बाटलीत भरलं आणि पंचवीसेक चादरींवर शिंपडून टाकलं.

मी बर्फ घेऊन आलो तेव्हा बरणी रिकामी, आडवी पडलेली होती आणि बाटलीच्या तळाशी चार बोटं पाणी शिल्लक होतं. आमच्यात काय संवाद झाला ते राहू द्या. ताई मागच्या अंगणात असल्यामुळे तो सगळा कुजबुजत झाला, आणि कुजबुजत भांडल्याने माणूस जास्त थकतो. तुम्ही म्हणाल, फळांचं पाणी, चादरींवर डाग पडले असतील, इस्त्री चिकटली असेल. मलाही तीच भीती. पण चादरी निघाल्या त्या दुधाच्या सायीसारख्या. संध्याकाळी मी त्या घरोघर पोचवल्या आणि गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल घेऊन निघालो, तर गल्ली उठलीच नव्हती. बेकरीचं दार बंद, दातांच्या डॉक्टरांचं बंद, व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंच्या दारात तीन विद्यार्थी पेट्यांवर बसून पेंगत होते. कावळे सोडले तर कुणाला कामाची घाई नव्हती. ऊन चढल्यावर एकेक दार उघडलं, आणि जो तो मला हाक मारून बोलावू लागला.

दातांचे डॉक्टर म्हणाले की काल त्यांना स्वप्न पडलं, दवाखान्यातून नदी वाहते आहे आणि पेशंट खुर्चीत बसल्या बसल्या तरंगत येतात, तोंडं उघडी, पण दुखतंय कुणालाच नाही. आणि नदीच्या काठावर साडूभाऊ, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर टॉवेल. हातात बरणी. “बसा,” म्हणाले, “घाई कसली?” डॉक्टर तिथेच बसले आणि सकाळपर्यंत उठले नाहीत.

व्हायोलिनच्या बाईंच्या स्वप्नात आमच्या दोरीवरच्या चादरी शिडं झाल्या होत्या आणि सगळी गल्ली, घरं, खांब, मांजरं यांच्यासकट, गार वाऱ्याने हळूहळू पुढे निघाली होती. सुकाणूपाशी साडूभाऊ. सुकाणू म्हणजे कपड्याचा चिमटा. बाईंनी विचारलं कुठे चाललोय, तर ते म्हणाले, चिमटे बघायला, बरेच पुढे जमलेत.

मी तिथेच सायकलच्या दांडीवर बसलो. बाटलीतलं पाणी, बरणी, अभ्रा, सगळं एकामागोमाग एक डोक्यात जुळत गेलं. इतकी वर्षं ज्या अभ्र्यावर तो माणूस रात्रभर गाल ठेवून झोपला, त्यात त्याची स्वप्नं मुरली नसती तरच नवल. थेंब थेंब उतरली ती आणि इस्त्रीच्या गरम तळाखाली चादरींत बसली. खळ बसते तशी.

मी घाईने घरी वळलो. ताईच्या कानावर हे जायला नको होतं, निदान असं रस्त्यातून तरी नको. पण बेकरीवाला माझ्या आधी पोचला होता. काउंटरवर कोपर टेकून, डोळे मिटून, तो ताईलाच सगळं सांगत होता: भट्टी उघडतो तर आत पाव नाहीत, गार खरबुजं आहेत, आणि साडूभाऊ फळीवर बसून पाय हलवतायत. सांगताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याचं त्याला काही नव्हतं.

ताईने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या चादरीचे पैसे नको म्हणाली. तो गेल्यावर काउंटर पुसला, पुसलेला पुन्हा पुसला, आणि मग माझ्या बायकोकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, “बेकरीवाल्याकडे जातात. दात काढणाऱ्याकडे जातात. आणि माझ्याकडे यायला यांना जिना सापडत नाही.”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. लॉन्ड्रीवाल्यांच्या स्वतःच्या घरात इस्त्रीची चादर कुणी पाहिली असेल तर त्याला माझ्याकडून बक्षीस. लोकांच्या करता करताच हात मोडून येतात. आपल्या चादरी दोरीवरून काढायच्या आणि तशाच चुरगळलेल्या अंथरायच्या. ताईच्या पलंगावर आयुष्यात कधी कडक घडीची चादर पडली नव्हती. मग साडूभाऊ तिथे उतरणार कसे?

ताई पेटी भरायला वर गेली. शुक्रवार होता. मी बायकोला म्हटलं की मी पुन्हा सरबत करतो, अभ्रा आहेच. आणि केलंही, लगेच, धावत पळत; पण या वेळी त्यातून जे उतरलं ते नुसतं चांगलं सरबत होतं. प्यायला छान. ऊन जागचं हललं नाही. अभ्र्यातलं होतं ते उतरून गेलं होतं. उरलं ते बाटलीच्या तळाशी, चार बोटं.

बायकोने बाटली हातात घेतली आणि खिडकीतल्या उजेडात धरली. बराच वेळ धरली. मी म्हटलं, वाट कसली बघतेस?

“आणि ते स्वप्नात येऊन तिला म्हणाले, की जा, पोराकडे सुखाने राहा, तर?” ती म्हणाली.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि साडूभाऊ अगदी तेच म्हणाले असते. त्यांचा स्वभावच तो. कुणी निघालं की दारापर्यंत जायचे, पिशवी हातात द्यायचे, वाटेत प्यायला बाटली भरून द्यायचे. थांब म्हणणं त्यांनाही कधी जमलं नव्हतं. तेव्हा ती चार बोटं तशीच राहिली तर ताई जायची ती जायची, पण स्वतःच्या मनाने, म्हणजे कधीतरी परतण्याची आशा होती; आणि शिंपडली तर खुद्द नवऱ्याचा निरोप घेऊन, निश्चिंत मनाने, परत न येण्यासाठी. मी बायकोला सांगणार होतो की मग राहू दे. पण तिने तोपर्यंत इस्त्री गरम करायला ठेवली होती.

ताईची चादर निळ्या काठाची, जुनी, मधे ठिगळ असलेली. बायकोने ती टेबलावर पसरली. शिंपडताना एकेक थेंब मोजूनमापून, जणू रोपाला घालतेय. मग इस्त्री. तिने हजारो चादरींना इस्त्री केली असेल, पण तशी केलेली मी पाहिली नव्हती; ठिगळापाशी आली की वेग कमी करायची, काठाशी आली की वाकून बघायची. खोलीत खरबुजाचा, लिंबाच्या सालीचा वास वर आला आणि छतापाशी थांबून राहिला. बाटली रिकामी झाली. आपल्या चादरीसाठी तिने एक थेंबही ठेवला नाही. चार टोकं एकटीने धरून तिने ती कशीबशी घडी केली, हनुवटीचा आधार घेऊन, आणि वर नेऊन पलंगावर अंथरली. ताईला सांगितलं की उद्या प्रवास आहे, नीट चादरीवर झोप. एवढंच.

शनिवारी बस सकाळची. पेटी दाराशी आणून ठेवलेली. मी सायकल पुसून तयार. बायको चहाचं भांडं उतरवायची, पुन्हा ठेवायची. वर काही हालचाल नाही. तिने मला विचारलं की उठवायचं का, आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणाली, नको. बस कोपऱ्यावर आली, दोनदा भोंगा वाजवला, आमच्या दाराकडे बघत थोडी घुटमळली आणि निघून गेली. तिच्या खिडक्यांतून ऊन सांडत होतं.

ताई उतरली ती बेकरीचा दुसरा घाणा निघण्याच्या वेळी. गालावर चादरीच्या घडीची सरळ रेघ उमटलेली, केस एका बाजूला, आणि हातात ती निळ्या काठाची चादर, गोळा करून आणलेली. ती पायरीवर बसली.  मीच धीर करून विचारलं, काय म्हणाले?

काहीच म्हणाले नाहीत, ती म्हणाली. आले, बरणी खाली ठेवली, तिच्या हातातल्या चादरीची दोन टोकं धरली, आणि रात्रभर दोघांनी घडी घातली. अंगण मोठं होतं, तिने कधी न पाहिलेलं; चादरही संपेना. ते चालत यायचे, कोपरे द्यायचे, आणि दर वेळी वाकडे. एक वर, एक खाली. ती ओरडायची, ते हसून मागे जायचे, झटकायचे, पुन्हा यायचे, पुन्हा वाकडे. इतक्या वर्षांत साधी घडी शिकला नाहीत, असं ती त्यांना म्हणाली. त्यावर त्यांनी तिची टोकंही स्वतःच्या हातात घेतली, सगळा बोळा केला आणि पाण्याने भरलेला माठ द्यावा तसा सांभाळून तिच्या हातात दिला. मग गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट उलगडली आणि चिमटे शोधायला गेले.

“त्यांना घडी यायचीच नाही,” बायको म्हणाली.

“कधी नाहीच आली.” ताईने मांडीवरच्या चादरीकडे पाहिलं. बोळा होता, कुणी मुद्दाम केल्यासारखा. ती उठली, चादर झटकली, दोन टोकं स्वतःकडे ठेवली आणि दोन पुढे केली. “धर.”

बायकोने धरली. दोघींनी ताणली तेव्हा कापडाचा तो ओळखीचा फट्ट आवाज अंगणभर झाला आणि दोरीवरची चिमणी उडाली. मग एकमेकींकडे चालत आल्या. कोपरे जुळले. ताईने मधेच थांबून चादरीला नाक लावलं, आणि मला म्हणाली की खरबूज जास्त पिकलेलं घेतलं होतं, आणि लिंबाच्या सालीचा पांढरा भाग राहिला होता, एवढंही कळत नाही का. उद्या ती स्वतः माझ्याबरोबर बाजारात येणार होती.

मी विचारलं, “आणि बस?”

“उद्या आहे की,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही खरबूज आणलं. ताईने ते कानाशी धरलं, नाक मुरडलं, दुसरं धरलं. संध्याकाळी अभ्रा धुऊन ती ओलाच वर घेऊन गेली, आणि तिने तो कुठल्या उशीवर चढवला ते आम्ही विचारलं नाही. बसबद्दल कुणी विचारलं की ती अजूनही तेच सांगते, उद्या आहे. पेटीत आम्ही आता चिमटे ठेवतो.